कंडोम फाटतो कशाने? फोंड्याच्या एका जोडप्याची गोष्ट

“कंडोम वापरूनही दिवस राहतातच, मग वापरायचा कशाला?” मी समुपदेशक आहे; माझ्याकडे येणाऱ्या नवविवाहित जोडप्यांकडून आणि एका मुलानंतर पाळणा लांबवू पाहणाऱ्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा राग असतो आणि त्यामागे नुकतीच बसलेली धास्ती. अशा वेळी मी आधी आकडे सांगत बसत नाही. नेमकं काय घडलं, ते विचारते. कारण माझा अनुभव असा, की कंडोम फाटण्याला काहीतरी कारण असतं आणि निवांत बोललं तर ते सापडतं. फक्त ते बोलणं लाजेपोटी होत नाही.

विशाखा आणि सूरज यांची हकिकत त्यांच्या संमतीने सांगते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विशाखा सात महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन एकटीच आली. आदल्या रात्री कंडोम फाटला होता. महिन्याभरातली ही दुसरी खेप. बाळंतपणानंतर तिची पाळी अजून आली नव्हती. सासूबाईंनी सांगितलं होतं, अंगावर पाजतेस तोवर भ्यायचं कारण नाही. तिला मात्र रात्रभर झोप नव्हती. बसल्या बसल्या म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे कंडोम टिकतच नाही. सरळ ऑपरेशनच करून टाकू का?” वय सत्तावीस, पदरात पहिलंच मूल.

ऑपरेशनचा विषय मी बाजूला ठेवला. आधी घड्याळ पाहिलं. कंडोम फाटून बारा तासही झाले नव्हते, म्हणजे हाताशी वेळ होता. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर घ्याल तितका गुण जास्त. भारतात ती औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. ती गर्भपाताची गोळी नव्हे. स्त्रीबीज बाहेर पडणं ती पुढे ढकलते. बहात्तर तास उलटले असतील तरी पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेता येते आणि ती गोळीपेक्षाही खात्रीची. हे वाचणाऱ्या कुणाचा कंडोम काल-परवा फाटला असेल, तर लेख नंतर वाचा, आधी तास मोजा.

विशाखा गोळी घेऊन आली, माझ्यासमोरच पाण्याबरोबर घेतली. तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करायला सांगितलं.

सासूबाईंचं म्हणणं निराधार नव्हतं, अर्धवट होतं. अंगावरच्या दुधाने गर्भधारणा टळते, पण त्याला तीन अटी आहेत : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर हवं, आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. यातली एक जरी तुटली तरी भरवसा संपला. विशाखाच्या बाळाला सात महिने झाले होते आणि रोज सकाळी नाचणीचं तिझान (खीर) भरवणं सुरू झालं होतं. पाळी येण्याआधी बीज बाहेर पडतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. आमच्या भागात पाठोपाठ झालेल्या दोन मुलांमागे हाच गैरसमज असल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पुढच्या वेळी दोघांनी मिळून या, असं सांगितलं. सूरज वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी आला तो अवघडून. मी त्याला सांगितलं, इथे कुणाची चूक शोधायची नाही, फक्त पाकीट विकत घेतल्यापासून काय काय होतं ते क्रमाने सांगा.

पाकीट तो वेर्ण्याहून घ्यायचा. गावातला औषधवाला वडिलांच्या ओळखीचा. घरी कपाट आई आवरते, शिवाय पुतणे सगळीकडे उचकापाचक करतात, म्हणून पाकीट स्कूटरच्या डिकीत. स्कूटर दिवसभर कारखान्याच्या आवारात उन्हात. रात्री अंधारात घाई, बाळ उठेल ही भीती, म्हणून पाकीट दातांनी फोडायचं. पहिल्यांदा फाटला तेव्हापासून तो एकावर एक दोन चढवत होता, जास्त सुरक्षित म्हणून.

इतकं ऐकूनच तीन कारणं हाती आली होती. कंडोम लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा असतो. उष्णतेने तो कमकुवत होतो. एप्रिल-मेमध्ये डिकीला हात लावला की चटका बसतो, तिथे महिनाभर राहिलेलं पाकीट फेकून द्यावं हे बरं. खिशातल्या पैशांच्या पाकिटातही तो अंगाच्या उबेने आणि घासण्याने खराब होतो. दातांनी किंवा कात्रीने फोडताना लागलेली बारीकशी चीर डोळ्यांना दिसत नाही. आणि दोन चढवले की ते एकमेकांवर घासतात, फाटायचं भय उलट वाढतं.

तरीही मला वाटत होतं, काहीतरी राहिलंय. मी विचारलं, “कोरडेपणा जाणवतो का?”

दोघंही गप्प. मग विशाखाच बोलली, “हो. दुखतं. म्हणून थोडं तेल लावतो. बाळाच्या मालिशचं असतं ना उशाशी, तेच.”

खोबरेल! गोव्याच्या घरात अंगाला, केसाला, बाळाला, भाजल्या-खरचटल्याला, सगळ्याला तेच. ते वाईट असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी टेबलावर दोन कंडोम काढले आणि सूरजला दोन्ही फुग्यासारखे फुगवून गाठ मारायला सांगितलं. विशाखाला एकावर पाण्याचं जेल चोळायला दिलं आणि दुसऱ्यावर खोबरेल. आम्ही तिघं बघत बसलो. तेलाचा हात लागला तिथलं रबर आधी धुरकट, मग पातळ दिसू लागलं. काही मिनिटांतच तो फाटकन फुटला, बाळ दचकून रडायला लागलं. जेल लावलेला टेबलावर तसाच फुगलेला. सूरज म्हणाला, “म्हणजे आम्हीच फाडत होतो.” मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेल कुठलंही असो, खोबरेल, तूप, व्हॅसलिन, अंगाला लावायचं क्रीम, लॅटेक्सचं ते वैरी. पाण्यापासून किंवा सिलिकॉनपासून बनवलेलं जेल चालतं, औषधांच्या दुकानात मिळतं. आणखी एक गोष्ट डॉक्टरही सांगायला विसरतात : योनीमार्गातल्या बुरशीच्या संसर्गावर दिली जाणारी काही क्रीम आणि आत ठेवायच्या गोळ्या तेलकट असतात आणि त्यांनीही कंडोम कमजोर होतो. पावसाळ्यात आमच्याकडे हा संसर्ग वाढतो. असं औषध चालू असेल तर ते कंडोमबरोबर चालेल का, हे लिहून देणाऱ्यालाच विचारावं.

पण खरी गाठ त्या कोरडेपणात होती, आणि त्यावर मी त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ घालवला. अंगावर पाजत असताना बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं. त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो, संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं. मनात कितीही ओढ असली तरी. सूरजने याचा अर्थ लावला होता की बाळ झाल्यावर हिला मी नकोसा झालो. विशाखाला वाटत होतं, आपल्यातच काही बिघडलंय, आणि नको म्हटलं तर तो दुखावेल म्हणून ती दुखणं सोसत होती. सात महिने एका खोलीत, एका पलंगावर राहून हे दोघं एकमेकांना एवढं साधं बोलले नव्हते. मी ते सांगितलं तेव्हा सूरज तिच्याकडे वळून म्हणाला, “मला सांगायचं नाही का?” ती म्हणाली, “तू विचारलंस कधी?” मी मध्ये पडले नाही. काही संवाद समुपदेशकाने नुसते होऊ द्यायचे असतात.

मग वापराची रीत. टेबलावर लाकडी मॉडेल असतं, त्यावर दोघांनीही करून पाहिलं. हे फक्त पुरुषाचं काम मानू नये असं मला मनापासून वाटतं. तारीख उलटलेली नाही ना हे पाहायचं. पाकीट बोटांनी चाचपायचं, आत हवेचा फुगवटा लागला म्हणजे ते शाबूत आहे. कंडोम बाजूला सरकवून खाचेच्या कडेने बोटांनी फाडायचं. शिश्न ताठ झाल्यावर आणि कसलाही स्पर्श होण्याआधी, टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढायची आणि कंडोम बुडापर्यंत उलगडत न्यायचा. उलट्या बाजूने ठेवला गेला आणि उलगडेना, तर तोच फिरवून घालायचा नाही, टाकून द्यायचा, कारण पुढच्या बाजूला स्राव लागलेला असू शकतो. वीर्य पडल्यावर ताठरपणा जाण्याआधीच बुडाशी धरून बाहेर यायचं. पुष्कळ जण इथेच रेंगाळतात आणि कंडोम आत राहतो. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात; संडासात टाकू नये, तुंबतो. दर वेळी नवा.

आकडे मी त्यानंतर सांगितले. वर्षभर शंभर जोडप्यांनी दर वेळी आणि अगदी बरोबर कंडोम वापरला, तर साधारण दोघींना दिवस राहतात. माणसं प्रत्यक्षात जसा वापरतात, कधी विसरून, कधी उशिरा चढवून, तसा वापरला तर तेरा जणींना. या दोन आणि तेरामधला जो फरक आहे, तो बहुतांशी न वापरण्याचा किंवा चुकीचा वापरण्याचा आहे; डिकी, दात, खोबरेल आणि घाई त्यातच आले. कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक कंडोम विजेच्या यंत्रावर भोकांसाठी तपासलेला असतो. सरकारी निरोधही. १९६८ साली सुरू झालेला निरोध आजही आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. फुकट म्हणजे तकलादू, ही समजूत मला मान्य नाही.

उठता उठता सूरज म्हणाला, “मॅडम, मी दोन मिनिटं एकटा बोलू?” विशाखा बाळाला घेऊन व्हरांड्यात गेली.

लग्नाआधी, पाच वर्षांपूर्वी, मित्रांबरोबर दारू पिऊन असताना एका अनोळखी बाईशी संबंध आला होता. कंडोम नव्हता. चाचणी कधी केली नव्हती. पण विशाखाची गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हापासून तो स्वतःला समजावत होता की म्हणजे आपणही ठीक. हे समाधान खोटं आहे. बायकोची चाचणी फक्त बायकोचं सांगते. एकाला लागण असूनही जोडीदाराला काही वर्षं ती होत नाही, असं घडतं. शिवाय सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे रोगही आहेत, आणि त्यांची लक्षणं दिसतीलच असं नाही.

त्याची भीती वेगळीच होती. “पॉझिटिव्ह आलं तर कंपनीला कळवतात का? पूर्वी पोलीस उचलून न्यायचे म्हणे.” हे त्याने घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकलं होतं आणि ते खोटं नाही. १९८९ साली पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही असल्याचं आढळलं म्हणून, पकडून म्हापशाला चौसष्ट दिवस डांबून ठेवलं होतं. गोव्यात ती दहशत अजून जिरलेली नाही, याची मला खंत वाटते, कारण तिच्यापायी माणसं चाचणीपासून पळतात. आज कायदा उलट बाजूचा आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि त्यावरून नोकरीत भेदभाव करणं बेकायदा आहे. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी, केंद्रात चाचणी फुकट होते. १०९७ या फुकटच्या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. आणि असा प्रसंग नुकताच घडला असेल, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास लागण टाळणारी औषधं अठ्ठावीस दिवस घेता येतात. हे पाच वर्षांपूर्वी त्याला ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

तो फोंड्यात जायला तयार नव्हता, ओळखीचे भेटतील म्हणून मडगावला गेला. लागण चाचणीत दिसायला काही काळ जावा लागतो; इथे संबंधाला पाच वर्षं झाल्यामुळे निकालावर शंका घ्यायला जागा नव्हती. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही निगेटिव्ह. जाण्याआधी त्याने विशाखाला सांगितलं. मी सांग म्हटलं नव्हतं, ते ठरवणं त्याचं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, असं नंतर तिनेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, निकाल कधी येणार?

विवाहितांना कंडोम कशाला, रोगाचा प्रश्नच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी कुणावर संशय घ्यायला सांगत नाही. दोघांची चाचणी झालेली असेल आणि बाहेर कुणाशी संबंध नसेल, तर कंडोम फक्त पाळणा लांबवण्यासाठी. यातलं काहीही अनिश्चित असेल, तर गर्भनिरोधक साधनांत रोगापासूनही वाचवणारा कंडोमच. तांबी, गोळी, ऑपरेशन यातलं काहीच संसर्ग अडवत नाही. कंडोम एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया चांगला अडवतो. हर्पिस, सिफिलिस आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही विषाणू यांपासून थोडं कमी संरक्षण मिळतं, कारण त्यांच्या जखमा किंवा विषाणू कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरही असू शकतात.

तीन आठवड्यांनी विशाखाची चाचणी निगेटिव्ह आली. पुढच्या पर्यायांवर आम्ही नीट बोललो : तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, संप्रेरकं नसलेल्या छाया गोळ्या. तिन्ही अंगावर पाजताना चालतात. ऑपरेशनचा विषय तिने पुन्हा काढला नाही. बाळ वर्षाचं झालं की तांबी बसवायची, तोवर कंडोम आणि जेल, असं दोघांनी ठरवलं. सूरजने आईला सांगून कपाटातला एक खण स्वतःच्या कुलपात घेतला. त्यात कंडोमचा डबा असतो, जेलची ट्यूब आणि अडीअडचणीला गोळीचं एक पाकीट. ते अजून फोडावं लागलेलं नाही.