नव्या गेमिंग लॅपटॉपचा पहिला पंधरवडा

नवा गेमिंग लॅपटॉप घेतल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पडणाऱ्या शंकांची पत्रे या सदराकडे बरीच साठली होती. त्यांतील सात या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे लांबलचक असल्याने प्रत्येकातील प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : लॅपटॉप घेऊन सहा दिवस झाले. टेबलावर चार्जर लावून खेळताना जो गेम सेकंदाला ९० फ्रेम (म्हणजे चित्रे) सहज देतो, तोच सोफ्यावर बसून बॅटरीवर खेळला की ३० च्या आसपास रेंगाळतो आणि तासाभरात बॅटरी संपत आल्याचा इशारा येतो. खोक्यावर मात्र आठ तास छापले आहेत. मशीन सदोष समजून परत करावे का?

उत्तर : मशीन सदोष नाही, परत करण्याची घाई करू नये. आपल्याला जे दिसते आहे तो साधा भागाकार आहे. जड गेम सुरू असताना अशा लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप शंभरेक वॅट आणि प्रोसेसर चाळीस-पन्नास वॅट ओढतो. पडदा, पंखे आणि बाकीचा पसारा धरला तर बेरीज १७० वॅटच्या घरात जाते. बॅटरी समजा ९० वॅट-तासांची आहे. ९० ला १७० ने भागले की हाती जेमतेम अर्धा तास येतो, आणि इतक्या झपाट्याने वीज उपसली तर बॅटरी तापते व तिचे आयुष्यही घटते. म्हणून चार्जरची पिन निघताच लॅपटॉप ग्राफिक्स चिपच्या वाट्याची वीज स्वतःहून कापतो. आपल्याला अर्ध्याऐवजी एक तास मिळाला तो या कपातीमुळेच. खोक्यावरचे आठ तास खोटे आहेत असे नाही. पण ते मंद उजेडात व्हिडिओ पाहण्याचे किंवा मजकूर टंकण्याचे असतात, तेव्हा मोठी ग्राफिक्स चिप झोपलेली असते आणि सगळे यंत्र दहा-बारा वॅटवर भागवते.

मग कंपन्या आणखी मोठी बॅटरी का बसवत नाहीत, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. वजन हे एक कारण आहेच, पण खरी अडचण विमानतळावर येते. १०० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम-आयन बॅटरी प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीशिवाय सोबत नेता येत नाही. त्यामुळे सर्वांत महागड्या मॉडेलच्या माहितीपत्रकातही हा आकडा ९९ किंवा ९९.९ वर येऊन थांबतो. थोडक्यात, गेम खेळताना विटेएवढा तो चार्जर लॅपटॉपचाच एक अवयव आहे असे धरून चालावे. टाईप-सी पोर्टमधून १०० वॅटच्या छोट्या चार्जरने लॅपटॉप चार्ज होत असेल तर प्रवासात लेखन-वाचनासाठी तो उत्तम. मात्र त्यावर गेम सुरू केला तर वेगही घटेल आणि चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाईल.

प्रश्न : गेम सुरू केला की पंखे इतक्या जोरात फिरतात की दुसऱ्या खोलीतून विचारणा होते. तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर टाकले तर प्रोसेसर ९३ अंश दाखवतो. जुन्या लॅपटॉपने सत्तरी कधी ओलांडली नव्हती. हे यंत्र किती दिवस टिकेल?

उत्तर : ९३ हा आकडा पाहून धडकी भरणे स्वाभाविक आहे, कारण आपण तो तापाच्या थर्मामीटरसारखा वाचतो. आधुनिक प्रोसेसरची रीत वेगळी आहे. वीज किंवा तापमान यांपैकी एकाची मर्यादा आडवी येईपर्यंत तो स्वतःचा वेग वाढवत राहतो, आणि लॅपटॉपमधील बहुतेक प्रोसेसरांसाठी ही तापमानाची मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उत्पादकानेच ठरवलेली असते. नव्वदीत असलेला प्रोसेसर संकटात नसून आपल्या कमाल वेगाच्या जवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. ग्राफिक्स चिपचे गणित थोडे निराळे असते. ती सत्तरीच्या वरच्या भागात किंवा ऐंशीच्या आसपास स्थिरावलेली बरी. पंचाऐंशीच्या पुढे गेली की साधारणपणे ती स्वतःचा वेग उतरवू लागते.

म्हणून आकड्याकडे टक लावण्यापेक्षा वेग टिकतो का ते पाहावे. गेममधील एकच ठिकाण निवडावे, पहिल्या दहा मिनिटांनंतर तेथे किती फ्रेम मिळतात ते टिपून ठेवावे, आणि पाऊण तास खेळून पुन्हा त्याच ठिकाणी उभे राहून पाहावे. फरक चार-दोन फ्रेमचा असेल तर थंड करण्याची यंत्रणा आपले काम चोख करते आहे. ९० वरून ५५ वर घसरण झाली असेल, किंवा एखादा पंखा फिरतच नसेल वा खरखरत असेल, तर मात्र वॉरंटीतील सेवाकेंद्र गाठण्यास उशीर करू नये.

आवाजाबद्दल दोन-तीन गोष्टी करून पाहता येतील. पहिली गोष्ट लॅपटॉप कोठे ठेवला आहे याची. यातील बहुतेक यंत्रे हवा तळातून आत ओढतात आणि मागून किंवा बाजूने फेकतात. गादीवर किंवा मांडीवरील उशीवर ठेवणे म्हणजे त्यांचे नाक दाबण्यासारखे आहे. मागची कड दोन सेंटिमीटर उचलून ठेवली तरी पंख्यांचा सूर खाली येतो. माझ्या टेबलावर त्यासाठी दोन सारख्या उंचीची झाकणे आहेत, आणि पाहुण्यांनी ती कचरा समजून एकदा टाकूनही दिली होती. दुसरी गोष्ट, कीबोर्डवरील कळीने किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून शांत, संतुलित आणि पूर्ण शक्ती असे पर्याय बदलता येतात. नवीन मालक पहिल्याच दिवशी पूर्ण शक्ती निवडतात आणि तेथेच राहतात. संतुलित पर्यायावर थोड्या फ्रेम जातात, पण कानांना मिळणारा आराम त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. गेम उघडून नुसत्या मुख्य मेनूवर थांबा आणि कान द्या. पडद्यावर एक स्थिर चित्र आणि चार बटणे असतात, पण पंखे मात्र घोंघावत असतात. कारण काढायला सोपे असे ते चित्र ग्राफिक्स चिप सेकंदाला तीनशे-चारशे वेळा पुन्हा पुन्हा काढत बसते. गेमच्या किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंग्जमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ठरवून दिली, समजा ९० किंवा १२०, की हे व्यर्थ श्रम थांबतात, वीज वाचते, उष्णता घटते आणि आवाज आपोआप उतरतो. गेम सुरू नसतानाही पहिले दोन-तीन दिवस पंखे मधूनच सुरू होत असतील तर त्याची चिंता करू नये. विंडोज तेव्हा अपडेट उतरवत असते, फायलींची सूची बनवत असते आणि अँटिव्हायरस पहिली झडती घेत असतो. पंख्याऐवजी बारीक, उंच पट्टीतील कुईकुई ऐकू येत असेल तर तो विद्युत मंडलातील कॉइलच्या कंपनाचा आवाज आहे. तो कानाला त्रासदायक, यंत्राला निरुपद्रवी.

प्रश्न : १६५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्याची फार स्तुती ऐकली होती. मला जुन्या ६० हर्ट्झच्या पडद्यात आणि यात काहीच फरक दिसत नाही. माझ्या डोळ्यांत दोष की जाहिरातीत?

उत्तर : बहुधा दोन्हींत नाही, दोष सेटिंग्जमध्ये असावा. पडदा १६५ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये तो ६० वर ठेवलेला असणे हा नव्या लॅपटॉपमध्ये वारंवार दिसणारा प्रकार आहे, आणि काही यंत्रे बॅटरीवर गेल्यावर वीज वाचवण्यासाठी स्वतःच ६० वर उतरतात. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट तपासावा. ६० हर्ट्झवर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १६५ वर ते ६.१ मिलिसेकंदांनी येते. डेस्कटॉपवर माऊसचा बाण झपकन गोल फिरवून पाहिले तरी फरक कळतो: आधी बाणाचे सुटे सुटे ठसे दिसतात, नंतर ते एकमेकांजवळ सरकतात आणि फिरणे सलग वाटू लागते. अर्थात, गेम सेकंदाला ७० फ्रेमच देत असेल तर पडदा कितीही चपळ असला तरी त्याच्याकडे दाखवायला नवी चित्रे तेवढीच असतात. रंग फिके वाटतात ही आपली दुसरी तक्रार सेटिंग्जने सुटणारी नाही. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो याचे एक माप) असे लिहिले असेल तर पडदाच मर्यादित रंगांचा आहे. खेळायला तो पुरतो. छायाचित्रांवर काम करणाऱ्याने मात्र एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचाचे शंभर टक्के रंग दाखवणाराच पडदा घ्यायला हवा होता.

प्रश्न : चार्जर लावला असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवले तर मुंग्या आल्यासारखे वाटते. शॉक बसेल का?

उत्तर : चार्जरमधील विद्युत गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह झाकणापर्यंत येतो आणि अर्थिंग नसेल तर बोटाला ती झिणझिण जाणवते. हा प्रवाह धोक्याच्या पातळीच्या बराच खाली असतो. मात्र तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तसे करणे बंद करावे. आणि तीन पिनांच्या सॉकेटवरही मुंग्या येत असतील तर त्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. स्पष्ट झटका बसत असेल तर तो चार्जर वापरूच नये.

प्रश्न : मित्राच्या आणि माझ्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड आहे. तरीही त्याच्याकडे तोच गेम माझ्यापेक्षा स्पष्टपणे जलद चालतो. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, पण नावाने दिशाभूल होते हे खरे, आणि याबाबत उत्पादकांनी अधिक ठळक अक्षरांत बोलायला हवे असे माझे मत आहे. लॅपटॉपसाठीच्या या चिपला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा उत्पादकाला असते. बारीक, हलक्या यंत्रात ती ६० वॅटवर बांधलेली असू शकते आणि जाड यंत्रात ११५ वर मोकळी सोडलेली असते. नाव दोन्हीकडे एकच. आपल्या मॉडेलचा आकडा माहितीपत्रकात टीजीपी (ग्राफिक्स चिपच्या वाट्याची कमाल वीज) या अक्षरांपुढे सापडेल. आपला लॅपटॉप पातळ असेल तर आपण वेग देऊन हलकेपणा घेतला आहे, आणि रोज पाठीवर वाहणाऱ्याला तो सौदा वाईट नाही.

पण वॅटचा आकडा दोघांचा सारखा निघाला तर आणखी दोन ठिकाणी पाहावे. एक म्हणजे रॅम. १६ जीबी एकाच पट्टीत असेल तर प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारा एकच रस्ता मिळतो. ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर दोन रस्ते मिळतात, आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. रिकामा स्लॉट असेल तर दुसरी पट्टी टाकणे ही नव्या मालकाला करता येण्याजोगी सर्वांत फलदायी सुधारणा आहे. दुसरे म्हणजे चित्राची वाट. बॅटरी वाचवण्यासाठी २०१० साली एनव्हीडियाने ऑप्टिमस ही रचना आणली. तीत मोठ्या चिपने काढलेले चित्र प्रोसेसरमधील छोट्या ग्राफिक्सच्या मार्फत वळसा घालून पडद्यावर येते, आणि या वळशात काही फ्रेम गळतात. मित्राच्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे चित्राची ही वाट बदलण्याची सोय, असेल आणि त्याने तो चालू केला असेल तर त्याचे चित्र थेट पडद्यावर जाते. आपल्याही लॅपटॉपमध्ये तो असून बंद असण्याची शक्यता आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावा. नसेल तर बाहेरचा मॉनिटर मोठ्या चिपला थेट जोडलेल्या पोर्टमध्ये लावूनही वळसा टाळता येतो.

प्रश्न : ५१२ जीबीची एसएसडी घेतली, विंडोज ४७६ च दाखवते. उरलेली जागा कोठे गेली?

उत्तर : कोठेही गेली नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजतो, विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख मोजते. खरी चिंता वेगळी आहे: आजचे मोठे गेम प्रत्येकी १०० जीबीच्या वर जागा मागतात, त्यामुळे विंडोज धरून असे तीन गेम बसले की ही एसएसडी भरत आली म्हणून समजावे.

प्रश्न : लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला जोडलेलाच असतो. रोज चार्जर काढून बॅटरी रिकामी करावी असे घरातील मोठी माणसे सांगतात. तसे करावे का?

उत्तर : तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे आणि त्या काळी तो योग्यच होता. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: सतत शंभर टक्के भरलेले राहणे आणि उष्णता. टेबलावरच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये या दोन्ही एकत्र येतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर, काही ठिकाणी ६० वर, थांबवण्याचा पर्याय असतो; तो आजच चालू करावा आणि चार्जर खुशाल लावून ठेवावा. जड गेम चालू असताना बॅटरी चार्जर लावूनही दोन-तीन टक्के उतरलेली दिसली तर दचकू नये. मागणी क्षणभर चार्जरच्या वॅटपेक्षा वर गेली की तेवढी उणीव बॅटरी भरून काढते. प्रवासाला निघायचे असेल तेव्हा मर्यादा आदल्या रात्री उठवून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, आणि परत आल्यावर पुन्हा ८० वर आणून ठेवावी.