वाचकांचे प्रश्न : हिजरत आणि हिजरी सनाचा हिशेब

प्रश्न : पैगंबर मुहंमदांची हिजरत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाणं, 622 मधली. जुलै 2024 मध्ये हिजरी 1446 लागलं. पण 2024 मधून 622 वजा केले, तर 1402 उरतात. मधली 44 वर्षं कुठली?

उत्तर : वजाबाकी बरोबर आहे, फक्त दोन्ही वर्षांची लांबी एक नाही. हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं : बारा महिने, 354 किंवा 355 दिवस. म्हणजे इंग्रजी वर्षाहून साधारण 11 दिवस कमी. ही तूट भरायला अधिक महिना नाही, त्यामुळे 32 इंग्रजी वर्षांत जवळपास 33 हिजरी वर्षं होतात. ढोबळ हिशेबासाठी हिजरी सनाला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा. 1446 चे 1402.62 होतात, बेरीज 2024.62. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमक्या तारखेसाठी कोष्टकच पाहावं.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. 1 मुहर्रम (हिजरी वर्षाचा पहिला महिना), सन 1 म्हणजे 16 जुलै 622. हा हिजरतीचा दिवस नव्हे. पैगंबर मदिनेजवळच्या कुबा इथे पोहोचले ते रबीउल अव्वल या तिसऱ्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबरात. सनाची मोजणी खलिफा उमर यांच्या काळात, सुमारे हिजरी 17 मध्ये ठरली. वर्ष हिजरतीचं घेतलं, आरंभ मात्र रुळलेल्या मुहर्रमपासूनच ठेवला.

प्रश्न : मदिना मक्केच्या उत्तरेला, मग हिजरतीत पैगंबर आधी दक्षिणेच्या थौर डोंगरावरच्या गुहेत का गेले?

उत्तर : मक्केतले विरोधक उत्तरेच्या वाटेवर पाठलाग करणार हे उघड होतं, म्हणून. या प्रसंगातली आखणी मुळातून वाचण्यासारखी आहे. परंपरागत चरित्रांनुसार पैगंबरांचे चुलतभाऊ अली त्यांच्या बिछान्यावर झोपले, जेणेकरून पाळत ठेवणाऱ्यांना पैगंबर घरातच आहेत असं वाटावं. निकटचे सहकारी अबू बक्र यांच्यासह पैगंबर तीन रात्री गुहेत राहिले. अबू बक्र यांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसा मक्केतली बोलणी ऐकून रात्री बातमी आणी. अबू बक्र यांचा मेंढपाळ आमिर बिन फुहैरा संध्याकाळी शेळ्यामेंढ्या तिकडे वळवी. दूध मिळे आणि कळपाच्या खुरांखाली माणसांच्या पाऊलखुणा पुसल्या जात. शिदोरी बांधायला दोरी नव्हती, तेव्हा अबू बक्र यांची मुलगी अस्मा यांनी आपला कमरपट्टा फाडून दोन केला. ‘दोन कमरपट्ट्यांची’ हे त्यांचं बिरुद त्यातलंच. वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित तेव्हा मुसलमान नव्हता. दोन उंटिणी आधीच त्याच्या हवाली केल्या होत्या. पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचं बक्षीस जाहीर असतानाही तो तीन रात्रींनी ठरल्या जागी हजर झाला आणि त्यांना आडवाटेनं, समुद्रकिनाऱ्याच्या बाजूनं घेऊन गेला. एवढ्या विश्वासाच्या कामाला धर्म न पाहता वाट जाणणारा माणूस निवडला, हे मला या प्रसंगातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

प्रश्न : पैगंबरांचं जन्मसाल 570 की 571?

उत्तर : दोन्ही अंदाजच. निधन 8 जून 632 ला, वय 63, ही रूढ परंपरा. ती वर्षं चांद्र धरली तर इंग्रजी 61 भरतात आणि जन्म 571 च्या आसपास येतो. पण इस्लामपूर्व मक्केत महिने पुढेमागे करण्याची ‘नसी’ची रीत होती, अनेक अभ्यासकांच्या मते तो अधिक महिनाच. कुराणाच्या नवव्या सूरेतल्या (अध्यायातल्या) 37 व्या आयतीनं ती निषिद्ध ठरवली. त्यामुळे त्याआधीच्या तारखांचं रूपांतर दिवसापर्यंत नेमकं होत नाही. लिहिताना जन्मसालाआधी ‘सु.’ (सुमारे) जरूर घाला.