कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे छोटे पाणपक्षी खरंच कमी झालेत का? आपण काही करू शकतो का?

हो, कमी झालेत, आणि सगळ्यात सोपी मदत म्हणजे थव्याला उडवू नका. सैबेरियातून येणारा कर्ल्यू सँडपायपर (बाकदार चोच, शिलाई मशीनसारखी चिखलात टकटक) २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत 'असुरक्षित' गटात गेला; ग्रे प्लोव्हरचंही तेच झालं. भरतीला चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी उरलेल्या वाळूवर नाहीतर मिठागरात दाटीने टेकतात. फोटोसाठी कुणी त्यातून धावलं की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी उगाच जळते. मार्च-एप्रिलमध्ये तर हे मुळीच करू नये.

- वाळूवर गाडी नको, कुत्रा मोकळा नको (हे सांगितलं की लोक चिडतात, तरी सांगा).
- ईबर्डवर (पक्षी नोंदवायचं संकेतस्थळ) नोंद करा, भरती-ओहोटीची वेळ लिहून.
- पायात कडी किंवा रंगीत पट्टी (अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली) दिसली तर फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

फक्त एका किनाऱ्यावर यंदा पक्षी दिसले नाहीत म्हणजे संख्या घटलीच असं नाही. कदाचित तुम्ही ओहोटीला गेला असाल आणि ते दूर चिखलात पांगलेले असतील.