बोर्डिंगातली फळी

प्रश्न : आमच्या भागात एका नव्या शाळेची ‘डे बोर्डिंग स्कूल’ अशी पाटी लागली आहे. खाली मराठीत ‘दिवसकालीन निवासी शाळा’. संध्याकाळी पाचला बस मुलांना घरी सोडते, मग ती निवासी कशी? शिवाय ईटनसारख्या इंग्लंडातल्या पब्लिक स्कूलला मराठीत ‘सार्वजनिक शाळा’ म्हणावे का?

‘दिवसकालीन निवासी’ रंगवताना पेंटरचा हात धरायला कोणी नव्हतं, याचं वाईट वाटतं. पण वरचं इंग्रजी बरोबर आहे. घोटाळा मराठीत आहे, आणि तो नेहमीचाच: ‘बोर्डिंग’ म्हणजे राहणं, असं सगळे धरून चालतात. एसटी स्टँडसमोरच्या कुठल्याही जुन्या लॉजची पाटी वाचा. ‘बोर्डिंग-लॉजिंग’. राहणं जर बोर्डिंगातच उरकलं, तर लॉजिंग कशाला हवं? अंग टाकायचं ते लॉजिंग. बोर्डिंग म्हणजे जेवण.

‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी. मध्ययुगीन इंग्लंडातल्या मोठ्या दालनांत जेवणाचं मेज बहुधा कायमचं मांडलेलं नसे. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, वर कापड पसरायचं, आणि जेवणं आटोपली की फळ्या उचलून दालन मोकळं करायचं. आपल्या पंगतीचे पाट याहून वेगळे नाहीत. पुढे फळी म्हणजे मेज, मेज म्हणजे मेजावरचं अन्न, आणि पैसे मोजून रोज त्या फळीशी बसणारा तो ‘बोर्डर’. (कंपनीचं संचालक मंडळही याच फळीभोवती बसलेलं आहे. तिथे कोण काय खातं, तो वेगळा विषय.)

एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं, की हा शब्द विमानाच्या ‘बोर्डिंग पास’मधलाच, आईबाप मुलाला शाळेत ‘चढवतात’ म्हणून बोर्डिंग. साहेब, विमानात चढणं आलंय ते जहाजाच्या कडेवरून. जुन्या इंग्रजीत ‘कड’ या अर्थाचा तसाच दिसणारा दुसरा शब्द होता आणि तो फार पूर्वीच फळीत मिसळला. शाळेचं पोर कडेवरून चढलेलं नाही, मेजाशी बसलेलं आहे. कोश उघडायचे कष्ट नको म्हणून व्युत्पत्ती रचायची, ही सवय पदवीबरोबर मिळते की काय, देव जाणे.

पुरावा हवा तर त्या शाळांतच जाऊ. विंचेस्टर 1382 ची, ईटन 1440 ची. दोन्हीकडे 70 गरीब विद्यार्थी फुकट ठेवायचे, अशी संस्थापकांची सोय. शिवाय पैसे भरणारी काही मुलं घेत. ईटनच्या जुन्या लॅटिन कागदांत त्यांना ‘कमेन्साल’ म्हटलंय. ‘मेन्सा’ म्हणजे मेज. म्हणजे एका मेजावरचे, आपल्याकडचे सहपंक्ती! विंचेस्टरमध्ये पैसे भरणाऱ्यांना आजही ‘कॉमनर’ म्हणतात, आणि तेही सामान्य घरचे म्हणून नव्हे (फीचा आकडा बघा), तर समाईक शिध्यात जेवणारे म्हणून. तिथल्या 70 जणांच्या भोजनगृहात चौकोनी लाकडी ताटल्यांची परंपरा आहे. ना काठ, ना खोलगा. सरळ चिरलेला फळीचा तुकडा, त्यावर पाव. शब्दाचा मूळ अर्थ असा पोरांच्या पुढ्यात वाढलेला क्वचितच सापडतो.

ईटनमध्ये जागा पुरेना, तेव्हा जादा मुलं गावात बायकांच्या घरी राहू-जेवू लागली. या मुलांना ‘ऑपिडन’, म्हणजे गावातले, म्हणतात. आज 70 वगळता बाकी सगळे तेच. आणि त्या घरमालकिणी म्हणजे ‘डेम’. घरं शाळेच्या ताब्यात गेली, पण प्रत्येक घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचं पद आजही ‘डेम’ आहे, मुलं तिला ‘म्-डेम’ म्हणतात. सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये ज्यांनी मावशींच्या हातचं खाल्लं, त्यांना हे नातं समजावून सांगायला नको. मी तीन वर्षं खाल्लंय. मावशींचं आडनाव मला आजतागायत माहीत नाही.

मेसवरून आठवलं. ईटनची मुलं दुपारचा चहा-टोस्ट चार-दोघांत मिळून खोलीत घेतात, त्याला ‘मेसिंग’ म्हणतात. ‘मेस’ म्हणजे मुळात मेजावर पाठवलेला पदार्थ, मग एका ताटातले भागीदार. लंडनच्या बॅरिस्टरी शिकवणाऱ्या इन्समध्ये आजही चौघांची एक मेस धरतात, आणि तिथे ठरावीक जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नसे. गांधीजींनी आत्मकथेत ही गंमत लिहिलीय.

आता माझा लाडका सिद्धांत, ज्यावर घरचेही कंटाळलेत. घर सोडून शिकणाऱ्या पोराची सोय कुठलीही भाषा छपरावरून ओळखत नाही, अन्नावरून ओळखते. आपल्याकडे बघा : माधुकरी मागून शिकला, वार लावून जेवला. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तो झोपायचा देवळात, ओसरीवर, कुठेही. त्या झोपायच्या जागेला नाव द्यावं असं कोणाला वाटलं नाही. म्हणूनच शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं, तेव्हा तो परका शब्द लोकांच्या तोंडी चटकन बसला. माझे वडील कोल्हापूरच्या एका बोर्डिंगात होते. खोली कशी होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आमटी किती पातळ होती ते मात्र दर दिवाळीला. ‘वसतिगृह’ हा शब्द नंतर सरकारी कागदांनी रुळवला, आणि त्यात वसती आहे, गृह आहे, घास नाही. ‘निवासी शाळे’चंही तेच.

तर इंग्रजीतला ‘डे बोर्डर’ हा जुना, सरळ शब्द आहे : दुपारी शाळेत जेवणारा आणि रात्री घरी झोपणारा. विरोधाभास वगैरे काही नाही.

सार्वजनिक शाळेचं राहिलंच. म्हणू नका. ‘पब्लिक’ म्हणजे घरच्या शिकवणीपेक्षा वेगळी, कुठल्याही गावच्या, फी भरणाऱ्या मुलाला खुली. 1868 च्या पब्लिक स्कूल्स कायद्याने सात शाळांना हाच शब्द लावला. ‘सार्वजनिक’ म्हटलं की आपल्याला नळ आणि गणपती आठवतो. ‘पब्लिक स्कूल’ असंच लिहा.

आणि पाटीवर ‘दिवसा जेवू घालणारी शाळा’ असं लिहायला सांगा. संस्थाचालक तयार झाले, तर जेवणात काय असतं तेही विचारून घ्या.