शंका-समाधान : टेलस्टारचे 14 वॅट

प्रश्न : 1962 च्या टेलस्टार-1 या दळणवळण उपग्रहावर 3,600 सोलर सेल होते, तरी वीज जेमतेम 14 वॅट. आमच्या गच्चीवरचं एकच पॅनेल भर उन्हात 300 वॅट देतं. एवढा फरक का? आणि तो सात महिन्यांत बंद का पडला?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी हिशेब मांडू. एक सेल 1 बाय 2 सेंटिमीटरचा, म्हणजे सगळे मिळून 0.72 चौरस मीटर. पण टेलस्टार जवळपास गोल. कुठल्याही क्षणी निम्मे सेल अंधारात, उरलेल्यांवरही ऊन बहुतेक तिरपंच. कामाला येतो चौथा हिस्सा, 0.18 चौरस मीटर. अवकाशातलं ऊन चौरस मीटरला सुमारे 1,360 वॅट, म्हणजे पडतं 245 वॅट. त्या काळचे सेल त्यातले फार तर 10 टक्के वीज करायचे. राहिले 24. त्यातलेही दहाएक उष्णता, सेलवरचं आवरण आणि जोडणी यांत गेले, हाती आले 14.

जोडणीचं दुखणं तुमच्याही गच्चीवर आहे. उत्तरायणात फाटका पतंग पॅनेलवर अडकला की उत्पादन पतंगाच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त घसरतं, कारण सिरीजमधला सावलीतला सेल अख्ख्या साखळीचा करंट अडवतो. (पतंग काढायला भर उन्हात पॅनेलवर पाय देऊन चढू नका, काच नाही फुटली तरी आतला सेल तडकतो.) गोल उपग्रहावर म्हणून एकाच दिशेला तोंड असलेले सेल एका साखळीत घेतात आणि साखळीगणिक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवतात. नाहीतर अंधारातली साखळी उजेडातलीची वीज खाते.

14 वॅटवर प्रक्षेपणाची, म्हणजे सिग्नल वाढवून पाठवणारी, ट्रॅव्हलिंग-वेव्ह ट्यूब सतत चालणं शक्यच नव्हतं. 19 निकेल-कॅडमियम सेलची बॅटरी भरत राहायची आणि उपग्रह टप्प्यात आला की जमिनीवरून हुकूम देऊन ट्यूब चालू करायची.

बंद पडण्याचा दोष मात्र सोलर सेलवर टाकू नका. त्यांच्यावर कृत्रिम नीलमण्याचं पातळ आवरण होतं, आणि किरणोत्सर्ग जास्त सोसणारे एन-ऑन-पी जातीचे सेल मुद्दाम निवडले होते. घात केला ट्रान्झिस्टरांनी. उड्डाणाच्या आदल्याच दिवशी, 9 जुलैला, अमेरिकेने पॅसिफिकवर 400 किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम हा अणुस्फोट केला. त्यातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात, टेलस्टारच्या वाटेवरच, अडकले. हुकूम उलगडणाऱ्या सर्किटमधल्या ट्रान्झिस्टरांच्या डबीत वायू भरलेला होता. किरणोत्सर्गाने त्याचे आयन (विद्युतभारित कण) झाले, ते पृष्ठभागावर साचले आणि करंट गळू लागला. नोव्हेंबरमध्ये हुकूम पोचेनासे झाले. व्होल्टेज काढलं की हा साठा ओसरतो, हे ओळखून अभियंत्यांनी जानेवारीत उपग्रह पुन्हा चालू केला. 21 फेब्रुवारी 1963 ला तो कायमचा गप्प झाला. मे महिन्यात गेलेल्या टेलस्टार-2 मध्ये डबीतला वायूच काढून टाकला होता.