मोडलेल्या व्यवहारातला विसार

प्रश्न : देवगड तालुक्यातील आमच्याच गावात हापूसची कलमे असलेली अठरा गुंठे जमीन घेण्याचे ठरवून आम्ही गेल्या आषाढात तीन लाख रुपये विसार दिला. अडीच लाख बँकेतून गेले, पन्नास हजार रोख दिले. दोन्ही रकमा विसार पावतीत नोंदवलेल्या आहेत. ‘खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास विसार जप्त होईल’ असेही पावतीत लिहिले आहे. खरेदीखताच्या वेळी वकिलांनी ताजा सातबारा आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढले, तेव्हा विक्रेत्याची बहीण आणि मुंबईला राहणारा चुलतभाऊ हेही सहहिस्सेदार असल्याचे दिसले. ते दोघे सही करायला तयार नाहीत. म्हणून आम्ही व्यवहार रद्द करण्याचे सांगितले, तर विक्रेता म्हणतो, “नावे सातबाऱ्यावर होतीच, तुम्ही बघितली नाहीत. आता तुम्हीच मागे फिरलात, विसार विसरा.” आमचे पैसे परत मिळतील का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : मिळायला हवेत, आणि तेही पूर्ण. व्यवहार मोडला की विसार बुडाला, अशी समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की अनेक कुटुंबे वर्षानुवर्षांची बचत न भांडताच सोडून देतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. विसार ठेवून घेण्याचा हक्क विक्रेत्याला मिळतो तो खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार फिसकटला तरच. आपल्या बाबतीत कसूर विक्रेत्याची आहे. सामाईक जमिनीतला एक हिस्सेदार फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. पावतीत मात्र त्याने पूर्ण अठरा गुंठे देण्याचे कबूल केले आहे, आणि ते त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, आपल्याला ही मालमत्ता विकण्याचा अधिकार आहे अशी हमी विक्रेत्याने दिली आहे असे, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, गृहीत धरले जाते. त्याच कलमात पुढे असेही आहे की खरेदीदाराने योग्य कारणाने खरेदी नाकारली, तर त्याने दिलेल्या विसाराचा बोजा (म्हणजे त्या रकमेच्या वसुलीचा हक्क) त्या जमिनीतील विक्रेत्याच्या हिश्शावर राहतो. “तुम्ही नावे बघितली नाहीत” हा युक्तिवाद विक्रेता न्यायालयातही करील. सातबारा आधीच नीट वाचला असता तर हा मनस्ताप टळला असता हे खरे, पण तेवढ्यावरून दुसऱ्याच्या हिश्शाची जमीन विकण्याचा करार पाळला गेला असे होत नाही.

जप्तीच्या कलमाची धास्ती आपण घेतलेली दिसते. मुळात ते कलम खरेदीदाराने व्यवहार मोडला तर लागू होते आणि आपण तो मोडलेला नाही. शिवाय भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हाच नियम विसाराच्या जप्तीलाही लावला. त्या खटल्यातील भूखंड पुढे कितीतरी चढ्या भावाने विकला गेल्यामुळे प्राधिकरणाचे काही नुकसान झालेले नव्हते, म्हणून जप्त केलेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. तोंडी बोलणी बंद करून वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा. तीत विसार पावतीची तारीख, जमिनीचा गट क्रमांक, अडीच लाखांच्या व्यवहाराचा बँकेतील क्रमांक, रोख रकमेचा पावतीतील उल्लेख, ज्या फेरफारांवरून इतर हिस्सेदार समजले त्यांचे क्रमांक आणि ‘या कारणाने आम्ही खरेदी नाकारीत आहोत’ हे वाक्य स्पष्ट असू द्या. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम व्याजासह मागा. पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. सहीबाबत बहिणीशी किंवा चुलतभावाशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेले संदेश पुसू नका, आणि ज्या फोनवर ते आले आहेत तो फोनही एवढ्यात विकू नका.

रोख पन्नास हजारांबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. परतफेडीलाही तोच नियम आहे. त्यामुळे विक्रेता नोटा घेऊन दारात आला, तरी पैसे खात्यावरच घ्या. त्याने पुढच्या तारखेचा धनादेश दिला आणि तो न वटता परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करता येते.

नोटिशीने काम झाले नाही, तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा करावा लागेल. दोन व्यक्तींमधील साध्या जमीन विक्रीचा वाद ग्राहक आयोगात चालत नाही, तेव्हा तिकडे वेळ घालवू नका. पोलीस ठाण्याचेही तसेच आहे. मात्र विक्रेत्याने बहिणीची खोटी सही केली असेल किंवा याच जमिनीचा विसार आणखी कोणाकडून घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत दाखलपूर्व तडजोडीसाठी ठेवता येते. पावतीवर आपली स्वतःची सही असेल, तर दावाही आपल्या नावाने होईल; आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही तरतूद अवश्य वापरा. “गणपतीत भाऊ आला की मिटवू”, मग “शिमग्याला बघू”, असे करीत दिवस जातात आणि पैशाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत तेवढ्यात सरकत असते.

प्रश्न : रत्नागिरीत अडतीस लाखांच्या फ्लॅटसाठी दोन लाख भरले. करारनामा नोंदवलेला नाही. बँकेने कर्ज नाकारल्यामुळे चोविसाव्या दिवशी नोंदणी (बुकिंग) रद्द केली. बिल्डर पूर्ण रक्कम कापणार म्हणतो.
— एक वाचक

उत्तर : प्रकल्प महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदलेला आहे का, हे संकेतस्थळावर आधी पाहा. असल्यास वाटपपत्राचा (अ‍ॅलॉटमेंट लेटरचा) जो नमुना महारेराने २०२२ मध्ये ठरवून दिला, त्यात कपातीचे प्रमाण ठरलेले आहे : पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास काहीही कापायचे नाही, सोळा ते तीस दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या एक टक्का, एकतीस ते साठ दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर दोन टक्के. या हिशेबाने आपले ३८,००० रुपये कापले जातील आणि १,६२,००० परत यायला हवेत. रद्द करण्याचे पत्र मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत रक्कम न दिल्यास त्यावर व्याज मागता येते. बिल्डरने दिलेले वाटपपत्र याहून वेगळे असेल, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा.

किनाऱ्यालगतच्या गावांतून लहान इमारती पुष्कळ असतात. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेराकडे नोंदणीची सक्ती नाही. आपला प्रकल्प तसा निघाला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा आणि उपयोग झाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही, आणि आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

नोंदणी रद्द केल्याचे आपण फोनवर कळवले की पत्राने, हे आपल्या प्रश्नात नाही. फोनवर कळवले असेल, तर आजच ई-मेल आणि टपाल अशा दोन्ही मार्गांनी पत्र पाठवा आणि त्यात फोन केल्याची तारीख व कर्ज नाकारल्याच्या बँकेच्या पत्राची प्रत जोडा, कारण तीस दिवस उलटले की कपात दीड टक्क्यावर जाते आणि चोविसाव्या दिवशी कळवले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.