फिल्मच्या क्रूमध्ये कॅमेरा-लाइटचं काम शिकायचंय, त्यासाठी वावर विकून कॅमेरा घ्यावा का?

आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर देतो, कारण ती वाचून पोटात कालवलं. तुम्ही लिहिलंय: परभणी जिल्ह्यातला आहे, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लग्नसराईत एका स्टुडिओवाल्यासोबत शूटिंगला जातो, पुढं फिल्मच्या क्रूमध्ये कॅमेरा आणि लायटिंगचं काम करायचंय, पुण्याचा मोठा कोर्स जमेल असं वाटत नाही, आणि वडील म्हणतात अर्धा एकर विकून कॅमेरा घेऊन देतो.

वावर विकू नका. कॅमेरा घेऊच नका.

मी जिंतूर तालुक्यातला. 14 वर्षं मुंबईत लाइटच्या खात्यात आहे, आधी लाइटमन होतो, आता गॅफर, म्हणजे लाइटच्या खात्याचा प्रमुख आहे. इतक्या वर्षांत ‘तुझ्याकडं कॅमेरा आहे का?’ असं विचारून कुणाला क्रूमध्ये घेतलेलं मी पाहिलेलं नाही. फिल्मचा कॅमेरा भाड्यानं येतो. लेन्सा, लाइट, ट्रॉली, जिब, जनरेटर, सगळं भाड्यानं. लग्नाच्या धंद्यात स्वतःचा कॅमेरा लागतो हे खरं, पण तो धंदा वेगळा. तुमचा कॅमेरा चार वर्षांत जुना होईल, आणि गेलेलं वावर काही परत येत नाही. वडिलांना हे उत्तर वाचून दाखवा.

मग शिकायचं काय? उजेड. कॅमेऱ्याची बटणं आठ दिवसांत कळतात, उजेड ओळखायला वर्षं जातात, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तुमच्या गावात माळवदाचं एखादं तरी घर उरलं असेल. माझ्या आजीच्या घरात मधल्या खणात साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक होतं. सकाळी त्यातून उन्हाचा खांब तिरपा उतरायचा, आधी भिंतीवर पडायचा, मग हळूहळू जमिनीवर सरकत यायचा. आजी त्याच्या कडेला बसून ज्वारी निवडायची. सूप उन्हात असलं की तिच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत मऊ उजेड चढायचा, सूप बाजूला सरकवलं की तोच चेहरा खालून काळा पडायचा. लहानपणी मी हे शेकडो वेळा पाहिलं. त्याला ‘बाउन्स’ म्हणतात आणि त्यासाठी सेटवर थर्माकोलची शीट धरून एक माणूस उभा असतो, हे मुंबईत गेल्यावर कळलं.

तुम्ही एवढंच करा. घरातल्या कुणाला तरी साण्याखाली किंवा दाराजवळ बसवा आणि सकाळी सातपासून दर दीड तासाला मोबाइलवर एक फोटो काढा. माणूस तोच, जागा तीच, मोबाइल तिथंच. प्रत्येक फोटोखाली वहीत लिहा: वेळ काय, सावली नाकाच्या कोणत्या बाजूला, तिची कड धारदार की मऊ. कड मऊ का झाली याचं कारण शोधा. उजेड येण्याची जागा चेहऱ्याच्या मानानं मोठी असली की सावली मऊ पडते, लहान असली की धारदार. उघडं दार मोठं, साणं लहान. पुढं स्किमर (उजेड मऊ करायला वर ताणलेलं कापड), सॉफ्टबॉक्स, डिफ्यूजन जे काही हाताळाल, ते सगळं या एका गोष्टीवर चालतं.

आपल्याकडची जमीनसुद्धा बघा. काळ्या रानात दुपारी माणूस उभा केला की टोपीखालचा चेहरा पार बुडतो, कारण काळी माती उजेड गिळते, परत काही देत नाही. तोच माणूस मुरमाड माळावर किंवा चुन्याच्या भिंतीजवळ नेला की चेहरा आपोआप उघडतो. सोयाबीनच्या हिरव्यागार पट्ट्यात बसवला तर कातडीवर हिरवट छटा येते. काळ्या रानात पायाशी पांढरं धोतर अंथरलं तर अर्धं काम झालं. मे महिन्याच्या भर उन्हात डोक्यावर तेच धोतर चार बांबूंना ताणून बांधलं की त्याचा स्किमर झाला.

ही काही गरिबाची तडजोड नाही. वेरूळ-अजिंठ्याला पूर्वी बाहेर आरसा नाहीतर चकचकीत पत्रा धरून ऊन आतल्या अंधाऱ्या भिंतींवर नेत असत. 1959 साली ‘कागज के फूल’साठी व्ही. के. मूर्तींनी मुंबईच्या स्टुडिओत उन्हाचा तो प्रसिद्ध झोत आणला तो आरशांनीच, आणि पुढं दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रकार ठरले. त्या झोताच्याही तीन वर्षं आधी, ‘अपराजितो’साठी, छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराचा चौक सेटवर उभा केला, तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड खाली सोडला होता. त्यांच्याकडं काय, तर कापड आणि आरसा.

मोबाइलवर सराव करताना ऑटो बंद करा. मॅन्युअल देणारं कोणतंही ॲप चालेल. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगाची सेटिंग) पक्का करून ठेवलेला. 1/50 का, तर आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळं ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर त्याच्याशी जुळलं नाही की फ्रेममध्ये काळे पट्टे सरकतात. लग्नाच्या मांडवात हे तुम्ही पाहिलंच असेल. उन्हाच्या रंगाचा आकडा 5600 केल्विन आणि सेटवरच्या जुन्या टंगस्टन लाइटचा 3200, हे पाठ करा. रात्री एक बल्ब घ्या. चेहरा दोन फुटांवर ठेवा, मग चार फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो. आणि उन्हात चार पावलं मागं सरकलं तरी काहीच का बदलत नाही, याचा विचार करा. सूर्य इतका लांब आहे की आपली चार पावलं त्याच्या हिशोबात येतच नाहीत. बल्बला खिडकीतल्या उन्हासारखं दाखवायचं तर तो खिडकीपासून लांब न्यावा लागतो, त्याचं मूळ इथं आहे.

आता विजेचं. हे मी जरा जास्त लिहिणार आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका खेड्यात वाड्याच्या चौकात रात्रीचा सीन होता. निर्मात्यानं जनरेटर वाचवला होता. दोन 2000 वॅटचे लाइट आणि एक बेबी, म्हणजे हजार वॅटचा, असे 5000 वॅट आम्ही घरातल्या एका प्लगवरून ओढले. 5000 ला 230 व्होल्टनं भागा, जवळपास 22 अँपिअर होतात. प्लग होता 16 अँपिअरचा, आणि बोर्डावर फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार घातलेली, त्यामुळं काही उडायचा प्रश्नच नव्हता. वर मी एक्स्टेंशनची केबल ड्रमवरून निम्मीच सोडली होती. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. तिसऱ्या टेकला जळका वास आला. सोबतच्या लाइटमननं ड्रम उचलायला हात घातला, तर आतलं प्लास्टिक वितळून त्याच्या तळहाताला चिकटलं. तो हात बरा व्हायला दीड महिना लागला, तोवर त्याच्या घरी पैसे गेले नाहीत. केबल अर्धी ठेवणारा मी होतो. आजही माझ्या सेटवर ड्रमवर एक वेढा शिल्लक दिसला तर मी शूट थांबवतो.

म्हणून सांगतो: लोड काढल्याशिवाय प्लग लावायचा नाही. केबल पूर्ण सोडायची. अर्थिंग तपासायचं. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय हात सोडायचा नाही. हॅलोजनच्या बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं तिथं काच जास्त तापते आणि फुटते. आणि खांबावर आकडा टाकून लाइट चालवा असं कुणी म्हणालं, तर तिथून निघून या. तुमचा धाकटा भाऊ दहावीला आहे आणि त्यालाही हीच आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड करू द्या. गॅफर व्हायला यापेक्षा चांगला पाया मला माहीत नाही.

शिरायचं कुठून? ज्या दुकानातून हे सामान भाड्यानं जातं, तिथून. कॅमेरा भाड्यानं जातो तेव्हा त्याच्यासोबत अटेंडंट जातो, लाइटच्या गाडीसोबत लाइटमन जातात. मी देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला उतरलो आणि अंधेरीतल्या अशाच एका गोडाऊनला लागलो. पहिले पाच महिने केबल पुसणं, वेटोळी घालणं, स्टँडच्या चाव्या घट्ट करणं. पण त्या पाच महिन्यांत प्रत्येक लाइट माझ्या हातून उघडला गेला. कॅमेऱ्याकडं जायचं असेल तर तिथंही हीच वाट आहे: अटेंडंट, मग असिस्टंट, मग फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस जुळवत राहणारा), पुढं ऑपरेटर. फोकसचा सराव आजपासून करता येतो. एसटी स्टँडवर बसा, समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते मनात ठरवा, मग टेपनं मोजा. रोज वीस वेळा. चांगला फोकस पुलर नजरेनं अंतर सांगतो आणि टेप त्याला खोटं पाडत नाही.

थेट मुंबई नको वाटत असेल तर कोल्हापूर-साताऱ्याकडं मराठी मालिकांचं काम चालतं, तिथं राहायचा खर्च कमी. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथली पोरं लघुपट करत असतात आणि त्यांना लाइट धरणारा माणूस हवाच असतो. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवालाही जा, तिथं काम करणारी माणसं भेटतात.

बीए सोडू नका. पुण्याची एफटीआयआय ही फिल्म-टीव्ही शिकवणारी संस्था सरकारी आहे, 1960 पासूनची, आणि तिथल्या सिनेमॅटोग्राफीच्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवी लागते. परीक्षा द्या, लागला नंबर तर सोनंच. नाही लागला तर तिचे छोटे कोर्सही असतात. खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी एकच विचारा: एका पोराच्या हातात लाइट आणि कॅमेरा किती दिवस येतो? उत्तर गोलमोल आलं तर उठा.

पैशाचं खरं सांगतो. शिफ्ट बारा तासांची धरून चाला. मालिकांत पैसे बऱ्याचदा 90 दिवसांनी येतात, म्हणून पहिल्या चार महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि जेवणाची सोय करूनच निघा. मुंबईत कॅमेऱ्याची संघटना वेगळी, लाइटमनची वेगळी, दोन्ही फिल्म कामगारांच्या फेडरेशनशी जोडलेल्या. कार्ड काढून देतो म्हणून मधला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, संघटनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करा.

निघाल तेव्हा पिशवीत टेस्टर, टेप, जाड हातमोजे आणि काळी इन्सुलेशन टेप असू द्या. आणि दोन गडद शर्ट. पांढरा शर्ट घालून कॅमेऱ्याजवळ उभे राहिलात तर तुमच्या शर्टाचा उजेड नटाच्या गालावर पडतो.